समाजाच्या वतीनं कोण बोलतं? : नैतिक सापेक्षतावादास अनावृत पत्र

नैतिक सापेक्षतावादा,



तुझं म्हणणं मला ठाऊक आहे आणि त्यातलं बरंचसं मनापासून मान्यही आहे. बरोबर काय आणि चूक काय हे ज्या-त्या समाजाची संस्कृती ठरवते, एका समाजाच्या फूटपट्टीनं दुसऱ्याला मोजू नये, आणि सगळ्यांना लागू पडेल अशी फूटपट्टी मुळात अस्तित्वातच नाही, असं तू सांगतोस. पहिल्या दोन गोष्टींवर माझी तक्रार नाही. तिसऱ्या गोष्टीवरून आपलं भांडण आहे. ते पुस्तकातलं भांडण असतं तर मी एखाद्या अभ्यासमंडळात मांडलं असतं. पण तुझं नाव न घेता तुझं वाक्य आपल्या गावोगावी रोज बोललं जातं, ‘आमच्यात असंच असतं’ असं म्हणून. म्हणून हे पत्र उघडं लिहिते आहे.

आधी तुझ्या बाजूचं, कारण ते खरं आहे. माझ्या आजीचं लग्न तिच्या आत्याच्या मुलाशी झालं. भाची सून होऊन आली याचं दोन्ही घरांना कौतुक वाटलं, आणि पुढे पन्नास वर्षं कुणाला त्यात वावगं दिसलं नाही. हीच गोष्ट हरियाणातल्या किंवा उत्तर प्रदेशातल्या एखाद्या घरात सांगून पाहावी. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर किळस उमटते, कारण त्याच्या लेखी ते बहीण-भावाचं लग्न असतं. इरावती कर्व्यांनी १९५३ साली भारतातल्या नात्यागोत्यांवर जो ग्रंथ लिहिला, त्यात हा सगळा नकाशा आहे. उत्तरेत मामाची मुलगी वर्ज्य, महाराष्ट्रात अनेक जातींत मामाची मुलगी चालते पण आत्याची चालत नाही, आणि आणखी खाली कर्नाटक-आंध्राकडे गेलं की सख्ख्या बहिणीच्या मुलीशी लग्न करायलाही हरकत नसते. यातल्या प्रत्येकाची किळस खरी आहे आणि प्रत्येकाचं कौतुकही खरं आहे. इथं मला तुझ्याशी वाद घालायचं कारण दिसत नाही.

तू पश्चिमेकडून आलास असं पुष्कळांना वाटतं. बौधायन धर्मसूत्र उघडलं की ते वाटणं टिकत नाही. ख्रिस्तपूर्व काळातल्या या ग्रंथाच्या आरंभीच दक्षिणेच्या पाच आणि उत्तरेच्या पाच वादग्रस्त चालींची यादी आहे. दक्षिणेकडचे लोक मुंज न झालेल्याबरोबर जेवतात, बायकोबरोबर जेवतात, शिळं खातात, मामाच्या आणि आत्याच्या मुलीशी लग्न करतात. उत्तरेकडचे लोकर विकतात, मद्य पितात, दोन्ही जबड्यांत दात असलेल्या जनावरांचा व्यापार करतात, शस्त्रांवर पोट भरतात, समुद्रावर जातात. मग सूत्रकार मत नोंदवतो, की इकडची चाल तिकडे पाळली तर दोष लागतो, ज्या-त्या चालीला तो-तो देश प्रमाण. म्हणजे तूच. पण पुढच्याच सूत्रात गौतम या दुसऱ्या धर्मसूत्रकाराचं नाव घेऊन सांगितलं आहे की हे खोटं आहे. आणि मग दोन्हीकडच्या या चाली शिष्टांच्या स्मृतीला धरून नाहीत, म्हणून त्यांची पर्वा करू नये, असा निवाडा येतो. तू आणि तुझा विरोधक, दोघंही आपल्याकडे दोन हजार वर्षांहून जास्त काळ एकाच पानावर नांदत आहात. ‘सगळ्यांना एक माप’ हा विचार परका आहे असं जे सांगतात, त्यांनी गौतमाला कुठल्या देशाचा मानावं, हे मला कळत नाही.

लग्नाच्या नात्यांपुरता तर कायद्यानंही तुझाच शब्द उचलला. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात निषिद्ध नात्यांची व्याख्या आहे, आणि त्याचबरोबर दोन्ही पक्षांची रूढी परवानगी देत असेल तर असा विवाह वैध, अशी सूटही आहे. हे शहाणपणाचं आहे. आत्याच्या मुलाशी लग्न करून माझ्या आजीचं काही बिघडलं नव्हतं, आणि बिघडलंच असतं तर ते नात्यामुळे बिघडलं नसतं.

तुझा जन्म कशातून झाला तेही मी विसरलेली नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपनं जगातल्या माणसांची एक शिडी बनवली होती. तळाशी रानटी, मधे अर्धसुधारलेले आणि वर ते स्वतः. फ्रान्झ बोआझ आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी ती शिडी मोडली. रूथ बेनेडिक्टचं १९३४चं ‘पॅटर्न्स ऑफ कल्चर’ वाचून एका पिढीला पहिल्यांदा कळलं, की दुसऱ्याची रीत समजून घेण्याआधी तिला नाव ठेवणं हा अज्ञानाचाच एक प्रकार आहे. ज्यांच्यावर राज्य केलं गेलं त्यांच्या बाजूनं तू उभा राहिलास. याबद्दलची माझी कृतज्ञता खरी आहे.

आता गिरगावात चल.

१८८४ साली दादाजी भिकाजी नावाच्या तरुणानं मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला, की माझी बायको नांदायला येत नाही, तिला माझ्या घरी पाठवा. बायको म्हणजे रखमाबाई, वय विशीच्या आसपास. लग्न झालं तेव्हा ती अकरा वर्षांची होती, आणि त्यानंतरही ती आई आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्याच घरी राहत होती. ‘सावत्र वडील’ वाचून थबकायला हवं. रखमाबाईची आई विधवा झाली आणि तिनं दुसरं लग्न केलं. त्यांच्या सुतार समाजात विधवेचा पाट लागत असे, त्यात पाप नव्हतं. त्याच गिरगावात, चार घरं सोडून एखाद्या ब्राह्मण वाड्यात, तशाच तरुण विधवेचं केशवपन होत होतं आणि तिला अंधाऱ्या खोलीत जन्म काढावा लागत होता. एकच धर्म, एकच भाषा, एकच वस्ती. तू म्हणशील, बघ, दोन संस्कृती, दोन नीती, दोन्ही आपापल्या जागी बरोबर. मी तुला विचारते, त्या अंधाऱ्या खोलीतल्या मुलीला हे जाऊन कोण सांगणार? तिला पाटाची रीत ठाऊक होती. तशी सुटका असलेल्या बायका तिच्या खिडकीखालून जात-येत होत्या. तिच्या संस्कृतीनं काय ठरवलं ते तिला पुरेपूर माहीत होतं. तिला काय हवं होतं, हे मात्र तिच्या संस्कृतीनं विचारलं नव्हतं, आणि तूही विचारत नाहीस.

रखमाबाईनं विचारण्याची वाट पाहिली नाही. १८८५ साली ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘अ हिंदू लेडी’ या सहीनं तिची पत्रं छापून आली, बालविवाहावर आणि लादलेल्या वैधव्यावर. त्याच वर्षी न्यायमूर्ती पिन्ही यांनी दावा फेटाळला. त्यांच्या निकालातला एक मुद्दा फार कमी लोकांच्या ध्यानात राहिला. बायकोला नांदायला लावण्याचा दावा हा हिंदू शास्त्रातला नव्हे. तो इंग्लंडातल्या चर्चच्या न्यायालयांतून आलेला होता. पुढे अपिलात हा निकाल फिरला. मार्च १८८७मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला, की नवऱ्याच्या घरी जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईनं तुरुंग पत्करायची तयारी दाखवली.

तेव्हाची वर्तमानपत्रं चाळली की आपल्या समाजाचा आवाज ऐकू येतो. ‘केसरी’ रखमाबाईच्या विरोधात उभा होता. टिळकांचा मूळ मुद्दा तुझ्याच घराण्यातला होता. परक्या सरकारला आमच्या चालीरीतींत हात घालायचा अधिकार नाही. त्या मुद्द्याला वजन होतं, कारण इंग्रजांना इथं राज्य करायचाच अधिकार नव्हता. पण ज्या हुकमाला हिंदू संस्कृती म्हणून कवटाळलं जात होतं तो इंग्लंडातून आयात झालेला होता, आणि ज्या मुलीला संस्कृतीद्रोही ठरवलं जात होतं ती इथंच जन्मलेली, इथल्याच आईची मुलगी होती. १८८८मध्ये दादाजीनं दोन हजार रुपये घेऊन दावा सोडला. रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाली आणि परत येऊन सुरत आणि राजकोट इथं बायकांच्या दवाखान्यांत वर्षानुवर्षं काम करत राहिली. १९५५ साली ती गेली. त्याच वर्षी झालेल्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९मध्ये नांदायला लावण्याचा तो इंग्रजी दावा जसाच्या तसा आला, आणि आजही तिथंच आहे. इंग्लंडनं आपल्या कायद्यातून तो १९७०मध्ये काढून टाकला. आता सांग, कुणाची संस्कृती कुणाची?

माझं तुझ्याशी भांडण इथं सुरू होतं. ‘समाजानं ठरवलं’ असं तू म्हणतोस तेव्हा समाज म्हणजे एकच तोंड असलेला प्राणी आहे असं गृहीत धरतोस. प्रत्यक्षात समाजात पंच असतात आणि पंचांपुढे उभं केलेले असतात, लिहिणारे असतात आणि ज्यांना लिहायला शिकू दिलं नाही ते असतात. तू ज्यांचं ऐकून ‘अमुक समाजात अमुक बरोबर मानतात’ अशी नोंद करतोस ते बहुतेक वेळा आधीच ओट्यावर बसलेले असतात. म्हणून तुझ्या हिशेबात सुधारक नेहमी चूक ठरतो. समाजाचं मत हेच बरोबर असेल, तर त्या मताविरुद्ध बोलणारी व्यक्ती ज्या क्षणी बोलते त्या क्षणी व्याख्येनंच चूक असते. पाण्यासाठी महाडला जाणारे १९२७ साली चूक, मुलींची शाळा काढणारे फुले दांपत्य १८४८ साली चूक, आणि बहुमत बदलल्यावर तीच माणसं अचानक बरोबर. बरोबर-चूक असं मतमोजणीनं ठरत असेल तर त्यांनी सोसलं कशासाठी? ते तर म्हणत होते की सगळे विरोधात असतानाही आम्ही खरं बोलतो आहोत. तुझ्याकडे त्यांच्या या वाक्याला जागाच नाही.

तुझ्या सगळ्यात मोठ्या पाठीराख्यांनाही ही अडचण जाणवली होती. १९४७मध्ये संयुक्त राष्ट्रांत मानवी हक्कांचा जाहीरनामा तयार होत असताना अमेरिकेतल्या मानववंशशास्त्रज्ञांच्या संघटनेनं एक निवेदन पाठवलं. ते मुख्यतः मेलव्हिल हर्सकोविट्स यांनी लिहिलं होतं, आणि पश्चिमेची मूल्यं साऱ्या जगावर लादू नका असा त्याचा रोख होता. पण महायुद्ध नुकतंच संपलं होतं आणि जर्मनीचं काय, हा प्रश्न टाळता येत नव्हता. मग त्याच निवेदनात त्यांना अशी वाट ठेवावी लागली, की एखादी राजवट लोकांचे हक्क नाकारत असेल तर त्या लोकांच्या संस्कृतीतल्या खोलवरच्या मूल्यांना आवाहन करावं. याचा अर्थ काय झाला? राज्य करणाऱ्यांचा आवाज निराळा आणि तळातला आवाज निराळा, आणि त्यातला कोणता ऐकायचा हे निवडावं लागतं. ती निवड कशाच्या आधारावर करायची, हे ते निवेदन सांगत नाही. तूही सांगत नाहीस.

आणि तो जाहीरनामा निव्वळ पश्चिमेचा होता का? मसुद्याच्या कामात चीनचे पेंग-चुन चांग होते, लेबनॉनचे चार्ल्स मलिक होते, आणि आपल्या हंसा मेहता होत्या. पहिल्याच कलमात स्त्रिया निःसंदिग्धपणे याव्यात असा आग्रह त्यांनी धरला आणि तो मान्य करून घेतला. १० डिसेंबर १९४८ला जाहीरनामा संमत झाला. त्याच्या सुमारे सव्वा महिना आधी, ४ नोव्हेंबरला, दिल्लीत संविधान सभेपुढे मसुदा मांडताना बाबासाहेब आंबेडकरांनी जाहीरपणे समाधान व्यक्त केलं होतं, की या मसुद्यानं गाव हा घटक बाजूला ठेवून व्यक्ती हा घटक मानला. गावावरून किती जण नाराज झाले असतील याची त्यांना कल्पना होती. पण गावात कुणाचा आवाज चालतो हे त्यांनी जन्मल्यापासून ऐकलं होतं. तुझ्या प्रश्नाला इतकं नेमकं उत्तर मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलेलं नाही. चालीरीतींची विविधता राहू दे, पण न्याय मागायला जो उभा राहील तो माणूस म्हणून उभा राहील.

आता आणखी एक अवघड जागा, जिथं मला तुझाही हात सोडवत नाही. १८७१ साली इंग्रजांनी उत्तर भारतासाठी गुन्हेगार जमातींचा कायदा केला, पुढे तो देशभर पसरला. त्यानं संपूर्ण जमातींना जन्मानं गुन्हेगार ठरवलं. हजेरी, परवान्याशिवाय हलायचं नाही, सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातल्या सेटलमेंट. दुसऱ्याच्या संस्कृतीला वरून चूक ठरवलं की काय होतं, याचं याहून भीषण उदाहरण मला सापडत नाही. १९५२मध्ये कायदा गेला, पण पोलिसांची नजर गेली नाही. ज्यांच्या दारात पोलीस पकडण्यापुरताच येतो, ते भांडण घेऊन ठाण्यात कसे जातील? ते आपल्या पंचांकडे जातात. जातपंचायतीची ताकद नुसत्या परंपरेतून आलेली नाही, बाहेरच्या अन्यायानंही तिला खतपाणी घातलं आहे.

त्यातल्याच एका समाजात, कंजारभाट समाजात, लग्नाच्या पहिल्या रात्रीनंतर नवरीच्या कौमार्याची खात्री पंचांसमोर द्यायची प्रथा होती. पांढरी चादर, आणि मग सगळ्यांदेखत विचारणा. २०१७च्या अखेरीला याच समाजातल्या शिकलेल्या तरुण-तरुणींनी त्याविरुद्ध मोहीम सुरू केली. पिंपरीत एका लग्नाच्या वेळी त्यांच्यातल्या काहींना मारहाण झाली. मोहिमेमुळे समाजाची बदनामी होते असं म्हणणारे पुरुष होते तशा बायकाही होत्या. इथं तू मला बजावशील, की बाहेरच्यांनी बोलू नये, त्यांनी आधीच खूप सोसलं आहे. पहिल्या अर्ध्या वाक्याशी मी झगडते, दुसरं अर्धं मला खाली मान घालायला लावतं. पण ती मुलं-मुली बाहेरची नव्हती. त्यांच्या आज्यांनी हजेरी दिली होती. त्यांना एकटं सोडून तू ज्यांच्या बाजूनं उभा राहतोस, ते मार देणारे आहेत. ‘हस्तक्षेप नको’ म्हणणं म्हणजे मधे उभं राहणं, असं तुला वाटतं. मधे कुणीच नसतं. दार बंद असलं की आत ज्याचा हात वर, त्याचंच राज्य चालतं. फेब्रुवारी २०१९मध्ये महाराष्ट्र सरकारनं कौमार्य चाचणी हा लैंगिक अत्याचार मानला जाईल असं जाहीर केलं. ते आतल्यांनी दार आतून ठोठावलं म्हणून.

बाहेर टाकण्याची भीती हे पंचांचं खरं हत्यार. कोकणात गावकी, इतरत्र भावकी किंवा जात, नावं वेगळी आणि कृती एकच. वाण्याकडून सामान नाही, विहिरीवर पाणी नाही, लग्नाचं आवतण नाही, मयताला खांदा नाही. मुंबई प्रांतानं १९४९मध्येच बहिष्काराविरुद्ध कायदा केला होता. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि १९६२मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो घटनाबाह्य ठरवला. समाजातून काढून टाकण्याचा अधिकार हा धर्माचं कामकाज चालवण्याचाच भाग, असं बहुमतानं मानलं. सरन्यायाधीश बी. पी. सिन्हा यांनी एकट्यानं वेगळं मत दिलं. ज्याला काढून टाकलं त्याचं काय, हा प्रश्न त्यांच्या मतात आहे. तुझा विचार निकालपत्रात कसा दिसतो हे पाहायचं असेल तर बहुमताचा निकाल वाच, आणि मग सिन्हांचं मत वाच.

चौपन्न वर्षांनी, २०१६ साली, महाराष्ट्राच्या विधिमंडळानं सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा केला. असा स्वतंत्र कायदा करणारं हे देशातलं पहिलं राज्य. त्यामागे अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांची मेहनत होती, आणि त्याहून जास्त, वाळीत टाकलेल्या घरांनी चारचौघांत येऊन सांगितलेली हकीगत होती. ती माणसं आपली संस्कृती सोडून आली नव्हती. त्यांना आपल्याच देवळात, आपल्याच पालखीत, आपल्याच माणसांच्या पंगतीत जागा हवी होती. तू संस्कृतीचा रखवालदार म्हणवतोस ना? मग त्या पंगतीतून उठवलेल्यांचीही ती संस्कृती आहे, हे मान्य कर. एखाद्या समाजात काय बरोबर मानतात, असं यापुढे तुला कुणी विचारलं, तर उत्तर देण्याआधी त्या समाजात ज्याला बोलू दिलं जात नाही त्याला शोधून त्याचं ऐक. एवढं केलंस तर आपलं भांडण मिटलं असं मी समजेन.

आणि हे पत्र वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घराला गावानं, भावकीनं किंवा जातीनं वाळीत टाकलं असेल, तर त्यांनी २०१६च्या या कायद्याबद्दल हे लक्षात ठेवावं: तक्रार स्वतः पीडिताला किंवा घरातल्या कुणालाही पोलिसांकडे किंवा थेट दंडाधिकाऱ्यांकडे करता येते, आणि बहिष्कार घालणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. हा कायदा जुलै २०१७पासून लागू आहे.